जावई आणि आत्याची नळी

परवा रक्त तपासायला इस्पितळात गेलो होतो. या वयात माणसाकडे देण्यासारखं तेवढंच उरतं, आणि तेही लोक सुई टोचून घेतात. बरोबर नात होती, कारण मी वाटेत दिसेल त्याच्याशी गप्पा मारत थांबतो असा घरच्यांचा आरोप आहे. आणि दादा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची सगळी नोकरी याच इमारतीच्या तळघरात गेली, त्यामुळे इस्पितळात जायचं म्हटलं की त्याच्या पायात चपला आधी जातात, आजार मागून येतो.

"नंबर यायला वेळ आहे. बघून येऊ?" तो म्हणाला.

कोणाला, ते विचारायची गरज नव्हती. जिन्याच्या वळणाशी, काचेच्या कपाटात, जावई उभा असतो.

जावई हा माणूस नव्हे. यंत्र आहे. थुंकीच्या नाहीतर रक्ताच्या नळ्या एकेक करून उचलायच्या, झाकण फिरवून काढायचं, आतला नेमका तेवढाच थेंब शोषून घ्यायचा आणि खळगे पाडलेल्या एका प्लास्टिकच्या ताटलीत ज्याचा त्याच्या खळग्यात सोडायचा, असं त्याचं काम. पुढे त्या थेंबातून माणसाची जनुकं वाचतात. आता हे काम करणारी यंत्रं वरच्या मजल्यावर आहेत. पांढरीशुभ्र, बंद कपाटासारखी, आत काय चाललंय त्याचा पत्ता लागू देत नाहीत. जावयाचं सगळं उघड्यावर होतं. तो काम करताना कुरकुरायचा, आणि काम करत नसताना जास्त कुरकुरायचा.

कपाटावर पितळी पाटी आहे. पाटीवर दादाचं नाव आहे, बाईंचं आहे, आणि इस्पितळाच्या खरेदी समितीच्या अध्यक्षांचं सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आहे, कारण ते प्रत्येक बैठकीला हजर असत आणि काही बैठकांत जागेही असत. आत्याचं नाव पाटीवर नाही. खरं म्हणजे आत्या नसती तर पाटीच नसती, कपाट नसतं, आणि जावयाच्या पत्र्याच्या केव्हाच बादल्या झाल्या असत्या.

तेव्हा दादा इस्पितळाच्या तळघरात बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचा. वर जनुकांची प्रयोगशाळा नुकतीच सुरू झाली होती आणि ती बाईंच्या ताब्यात होती. बाई म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टर. त्यांचा राग आवाजात नसे, पेनाला टोपण लावण्यात असे. टोपण सावकाश लागलं की समोरच्याने जागा सोडावी. त्यांच्या हाताखालच्या मुली दिवसभर अंगठ्याने दट्ट्या दाबून थेंब मोजायच्या आणि संध्याकाळी त्यांना घरी कुलूपसुद्धा उघडता यायचं नाही. दादा एकदा वर फ्रीज दुरुस्त करायला गेला, त्या मुलींचे सुजलेले अंगठे बघून आला आणि जेवताना म्हणाला, "याला हात करायला हवा."

"कशाला?" वहिनीने विचारलं.

"अंगठ्यांना."

वहिनीला वाटलं भाजीबद्दल बोलतोय. दोन वर्षं तिला तसंच वाटत राहिलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर दादा घरी फक्त झोपायला यायचा.

जावयाचे रूळ मोडीत निघालेल्या एक्स-रेच्या टेबलाचे होते. मोटारी कुठल्या होत्या ते दादाने कधी सांगितलं नाही, पण त्या सुमारास इस्पितळातली दोन छपाईयंत्रं अचानक दुरुस्तीच्या पलीकडे गेली. बोटं मात्र घरची होती. आमचे बाबा घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे आम्ही. त्यांच्या चिमट्यांवरून दादाने जावयाची बोटं घडवली. मी तेव्हा नोकरी शोधत होतो, म्हणजे घरच्यांच्या भाषेत मोकळा होतो. त्यामुळे दिवसभर तळघरात दादाच्या हाताशी. अजूनही कुठे तापल्या कथिलाचा वास आला की मला ते तळघर आठवतं. तो पिवळा दिवा, किटलीतला आटलेला चहा, आणि दादाचं ते यंत्राशी बोलणं. "अरे राजा, आधी उलटं फिरव. झाकण उलटं फिरवलं की आटे बसल्याचं कळतं. मग सुलटं. घाई काय आहे? कोण पळवून नेतंय झाकण?"

थेंबाने फार छळलं. टोकाला लोंबणारा थेंब वाटेत भलत्याच खळग्यात पडायचा. एकाचा थेंब दुसऱ्याच्या घरात, म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याच्या कागदावर. शेवटी दादाने जावयाला श्वास घ्यायला शिकवलं. थेंब शोषून झाला की वर इवलीशी हवा ओढायची; मग थेंब आत जाऊन बसतो, लोंबत नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा एकही थेंब सांडला नाही त्या दिवशी आम्ही दोघं भाऊ त्या तळघरात जावयाकडे बघत उभे होतो. मग दादा म्हणाला, "चहा सांग." किटली आमच्याच पुढ्यात होती.

नाव वहिनीने ठेवलं. एकदा डबा द्यायला खाली आली, पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "बसायला गार खोली हवी. हात पुढे केला की वस्तू हातात हवी. जरा खुट्ट झालं की रुसून बसणार, आणि सगळी माणसं याच्या दिमतीला. हा तर जावई." नेमके तिचे वडील सोबत आले होते. त्यांनी एकदा दादाकडे पाहिलं आणि दुसरं बिस्किट घेतलं.

तर हा जावई तयार झाला आणि समितीपुढे गेला. समितीला बाहेरून तयार यंत्र घ्यायची घाई होती. तयार यंत्राबरोबर छापील पुस्तक येतं आणि समितीला पुस्तकाचा आधार वाटतो. बाई म्हणाल्या, आधी याची परीक्षा घ्या. एकही नळी इकडची तिकडे झाली नाही तर हा ठेवायचा. एक जरी झाली तरी मोडीत.

"पण पाण्यावर परीक्षा नको," बाई दादाला म्हणाल्या. "सगळं पाणी सारखंच. नळ्या बदलल्या तरी कळणार कसं? रोग्यांच्या नमुन्यांना तर मी हात लावू देणार नाही. मला एक मोठं कुटुंब हवं. सख्खे, चुलत, आईबाप, पोरं. नात्यातली नळी हलली की हिशेब लगेच चुकतो. आहे कोणी?"

"माणसांना आमच्याकडे तोटा नाही," दादा म्हणाला. "शांततेचा आहे."

ठरलं असं की अर्धी ताटली आमच्या घराची आणि अर्धी इस्पितळातल्या लोकांची, ज्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. नळीवर चिठ्ठी लावण्यापासून सगळं जावयाने करायचं. आजारबिजार काही बघायचं नाही, फक्त नाती जुळतात का ते बघायचं.

एका रविवारी सकाळी आमच्या घरी थुंकण्याचा कार्यक्रम झाला. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, या अटीमुळे घरात जो हाहाकार उडाला तो मी सांगत नाही. बाबा थुंकले, काका थुंकले. काकांची मुलं इतकी मनापासून थुंकली की आवरावं लागलं. आणि मग राहिली आत्या.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये आयुष्यभर लोकांचे फोन लोकांना जोडून दिले आणि निवृत्त होऊन आम्हाला जोडून ठेवायला घरी बसली. तिच्या धंद्याचा एक नियम होता, तो तिने आम्हाला लहानपणापासून ऐकवलेला. "ऐकायचं सगळं, बोलायचं काही नाही." यातला पहिला भाग ती घरीही पाळत असे. घराण्याचा अभिमान तिच्याइतका कोणाला नव्हता. कोणी ताटात टाकलं, कोणी उशिरा उठलं, की तिचं ठरलेलं वाक्य येई. "आपल्या घरात असं चालत नाही." तिचं नाक लांब, धारदार, चाकूसारखं. तसं नाक घरात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. ते पणजीचं, असं ठरलं होतं. पणजीला कोणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे वाद नव्हता.

"मी नाही थुंकणार," आत्या म्हणाली.

"आत्या, सगळे थुंकलेत."

"सगळे विहिरीत उडी मारतील." मग तिने दादाला विचारलं, "यातून काय काय कळतं रे?"

"काही नाही गं. जावई नळ्यांची रांग चुकवतो की नाही, एवढंच."

"फक्त रांग?"

"फक्त रांग."

आत्या थोडा वेळ दादाच्या तोंडाकडे बघत राहिली. दादा किती वाळला होता तेव्हा. डोळ्यांखाली काळं, बोटांना डाग. तिने हात पुढे केला. "आण इकडे ती नळी. पण पुरुषमाणसांनी बाहेर जायचं."

सगळे बाहेर गेले. मला जाता आलं नाही, कारण थुंकी रेघेपर्यंत आली का ते बघायला कोणीतरी हवं होतं आणि मी मोकळा होतो. आत्याच्या तोंडाला काही पाणी सुटेना. शेवटी मी तिला लिंबाचं वर्णन ऐकवलं. पिवळं, पातळ सालीचं, अर्धं कापलेलं, वर मीठ. "गप रे मेल्या," म्हणत म्हणत तिने नळी भरली. रेघेला बरोबर टेकेपर्यंत. झाकण मीच लावलं. आधी उलटं, मग सुलटं.

जावयाने परीक्षा दिली. एक थेंब सांडला नाही, एक नळी पडली नाही. काही दिवसांनी बाईंनी दादाला वर बोलावलं. मी पाठोपाठ गेलो. बाईंच्या हातात पेन होतं आणि टोपण टेबलावर होतं.

"सगळं घर जुळलं," बाई म्हणाल्या. "एक नळी सोडून. ही घरातल्या कोणाशीच जुळत नाही. भावांशी नाही, पुतण्यांशी नाही."

कुठली नळी, ते जागेच्या क्रमांकावरून दादाला लगेच कळलं. मलाही कळलं.

"म्हणजे माझ्या यंत्राने ही नळी इस्पितळातल्या कोणाच्या तरी नळीशी बदलली," दादा सावकाश म्हणाला.

"तसं असू शकतं. मग तुमच्या घराशी जुळणारी एक नळी तिकडे सापडायला हवी; पण तिकडच्या दोन बिननावाच्या नळ्या खराब निघाल्या, त्यामुळे तिकडून पडताळा घेता येत नाही. मी त्याच नळीतला थेंब स्वतःच्या हाताने घेऊन पुन्हा पाहिला. तेच आलं. पण चिठ्ठ्याही यंत्रानेच लावल्यात, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही." बाई थोडं थांबल्या. "त्या बाईंची थुंकी पुन्हा आण. समितीच्या बैठकीआधी. दुसऱ्यांदा जुळली तर यंत्र चुकलं. नाही जुळली तर..." आणि त्यांनी टोपण लावलं. पण रागाने नाही. असं टोपण लावताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आम्ही घरी आलो. आत्याकडे जायच्या आधी दादा दुकानात शिरला आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबांच्या डोळ्याला भिंग होतं. ते त्यांनी काढलं, पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"तिची थुंकी परत घेऊ नकोस," ते म्हणाले.

"का?"

बाबांनी मागच्या पडद्याकडे बघितलं. मागे आत्या होती. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळांकडे बघितलं. बाराला थोडाच अवकाश होता. ते हाताने 'थांबा' म्हणाले. त्यांचा बेत माझ्या लक्षात आला. दुरुस्तीला आलेली झाडून सगळी घड्याळं एकदम बारा वाजवायला लागली की त्या गोंगाटात बोलायचं, म्हणजे पलीकडे ऐकू जाणार नाही. आयुष्यभर घड्याळांशी इमान राखलेल्या माणसाने त्यांच्याकडून एवढी अपेक्षा करावी यात चूक नव्हती.

बारा वाजायला लागले. बाबा बोलायला लागले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

"काय?" दादा ओरडला.

बाबा पुन्हा बोलले.

"ऐकू येत नाही, बाबा!"

"आईने तिला आणलं! माडीवर भाडेकरू होते! बाळंतपणात ती बाई गेली, नवरा आधीच गेला होता! मी शाळेत होतो तेव्हा!" बाबा आता घड्याळांवर मात करून ओरडत होते. "आईने मला शब्द द्यायला लावला! तिला कधी कळू द्यायचं नाही की ती आपल्या रक्ताची नाही!"

शेवटचे तीन-चार शब्द निव्वळ शांततेत पडले. घड्याळं थांबली होती. बाबांनी आयुष्यभर ती अशी जुळवून ठेवली होती की एकही मागे राहिलं नाही.

पडदा हलला. आत्या चहाचे तीन कप घेऊन आली. चहा कोणी सांगितला नव्हता.

"साखर कमी घातलीय," ती म्हणाली. "काका ओरडत होता का? मला मागे मोरीत काही ऐकू येत नाही." आणि निघून गेली. काका त्या दिवशी गावातच नव्हते.

आम्ही तिघं चहा प्यायलो. साखर नेहमीइतकीच होती.

"दादा," शेवटी बाबा म्हणाले. मुलाला ते 'दादा' म्हणत नसत, त्या दिवशी म्हणाले. "तुझं यंत्र चुकलं असं सांग."

"चुकलं नाही ते, बाबा."

"मला माहीत आहे. चिमटे माझे आहेत."

दादाने कप खाली ठेवला. यंत्र चुकलं म्हणजे मोडीत, आणि दादा परत तळघरात फ्रीज दुरुस्त करायला, आणि वर त्या मुलींचे अंगठे होते तसेच. नाही चुकलं म्हटलं तर ज्या बाईने आम्हाला 'आपल्या घरात असं चालत नाही' म्हणून वाढवलं, तिला या वयात सांगायचं की हे घर तुझं नाही.

"सांगतो," दादा म्हणाला.

बैठकीच्या दिवशी त्याने इस्त्रीचा सदरा घातला. जावयाला पुसून चकचकीत करून वर नेलं होतं. बिचारा स्वतःच्या बाराव्याला नटून बसल्यासारखा दिसत होता. अध्यक्ष मध्ये, बाजूला समिती, कोपऱ्यात बाई. बाईंना दादाने आधीच सांगून ठेवलं होतं की नळी परत आणता येत नाही. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "घर तुझं, यंत्रही तुझं."

दादा उभा राहिला. "एक नळी जुळली नाही," त्याने सुरुवात केली. "त्याचं कारण असं की यंत्राने..."

"मी आत येऊ का?" दारातून आवाज आला, आणि आत्या आत आलेलीच होती. हातात छत्री, काखेत पर्स, पुढे नाक.

"आपण कोण?" अध्यक्ष दचकून जागे झाले.

"मी याची आत्या. ती न जुळणारी नळी माझी." आत्याने खुर्ची ओढली आणि बसली. "म्हणजे माझी नाही. तेच सांगायला आलेय. मी थुंकलेच नव्हते."

मी भिंतीला टेकून उभा होतो, तो सरळ झालो.

"थुंकला नव्हतात म्हणजे?"

"अहो, घरभर पोरंसोरं, पुरुषमाणसं, आणि मी नळीत थुंकू? आमच्या घरात असं चालत नाही. समोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. मी हळूच पलीकडे जाऊन त्यांना म्हटलं, एवढी नळी भरून द्या. त्यांनी दिली. फार गुणी बाई." ती बाई आठवड्यापूर्वीच मुलीकडे, दूरगावी, कायमची राहायला गेली होती. आत्या खोटं बोलताना साक्षीदाराच्या प्रवासाचीही सोय बघत असे.

"पण हे... ही फसवणूक आहे!" अध्यक्ष म्हणाले.

"आहेच. मी कुठे नाही म्हणते? पण ती पकडली कोणी?" आत्याने छत्रीचं टोक जावयाकडे केलं. "मी जन्मभर फोन जोडले. राँग नंबर लागला तर पोरींना शिव्या मिळायच्या. याने काय केलं? घरातल्या सगळ्यांचे नंबर बरोबर जोडले, आणि जो घरचा नव्हता तो बरोबर बाजूला काढला. आणि तुम्ही त्यालाच घालवून द्यायला निघालात? शहाणे आहात का?"

हे बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही. 'जो घरचा नव्हता' म्हणताना तर तो नेहमीपेक्षा खणखणीत होता. फक्त एकदा, एकदाच, तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करावं हे मला कळेना, म्हणून मी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं.

समितीत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, खरंच, म्हणजे यंत्राने तोतया ओळखला. दुसरा म्हणाला, तयार यंत्राच्या पुस्तकात असं काही दिलेलं नाही. अध्यक्षांनी आत्याला विचारलं, "मग आता खरा नमुना द्याल का, पडताळ्यासाठी?"

"नाही," आत्या म्हणाली. "एकदा लाज गेली तेवढी पुरे."

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाई आत्याकडे बघत होत्या. दोघी एकमेकींकडे इतका वेळ बघत होत्या की एखादा मोठा निरोप इकडून तिकडे गेला असावा. मग बाईंनी पेन उघडलं.

"तो नमुना बाद," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे जुळले आहेत. यंत्र चुकलेलं नाही, हे मी सही करून लिहून देते." आणि मुलीला हाक मारून म्हणाल्या, "आत्याबाईंना पाणी आण गं."

असा जावई पास झाला. अहवालात लिहिलं गेलं की हे यंत्र घुसखोर नमुना ओळखण्याइतकं विश्वासू आहे.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळेना. आत्याची पाठ वळताच ते दादाच्या कानाशी म्हणाले, "केवढं नशीब बघ! शिंपीणबाईंची थुंकी होती म्हणून निभावलं. ही स्वतः थुंकली असती तर केवढा घोटाळा झाला असता! आणि हिला बिचारीला कशाचाच पत्ता नाही." दादानेही मान डोलावली. दोघं इतके सुखावले होते की मी तोंड उघडलं नाही. मी तेव्हाही मोकळाच होतो, पण इतका नाही.

त्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "चल रे, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. पाय मोकळे करायचेत." आम्ही निघालो. दिवे लागत होते. दुकानदार फळ्या लावत होते. समोरच्या शिवणकामाच्या खोलीला कुलूप होतं, आत्या त्याच्यापुढे जराशी थांबली आणि म्हणाली, "गुणी बाई."

"आत्या," मी म्हणालो, "तुला कधीपासून..."

"टेलिफोनवाल्या बाईला हे विचारू नये."

आम्ही थोडं पुढे गेलो.

"तुझ्या बाबाला बोलू नकोस," ती म्हणाली. "त्याने आईला शब्द दिलाय. इतकी वर्षं सांभाळलाय बिचाऱ्याने. मी सासरी का नाही गेले, तर त्याचं म्हणणं, मला घर सुटत नाही म्हणून. त्याला वाटतं मला कळू नये. मलाही वाटतं, मला कळलंय हे त्याला कळू नये. चाललंय ते बरं चाललंय." तिने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "घड्याळं तेवढी एकदम गप्प होतात त्याची. एखादं तरी मागे ठेवावं माणसाने."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत काहीतरी गेलं.

"आणि हे बघ," ती थांबली. "त्या रविवारी नळी तू धरली होतीस. तेव्हा तुझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता ना?"

"मला चष्मा नाहीच, आत्या."

"मग लावून घे," आत्या म्हणाली आणि चालायला लागली.

आता मला चष्मा आहे. बाबा गेले, मग आत्या गेली, आणि शेवटपर्यंत दोघांनी एकमेकांना काही कळू दिलं नाही. जावयाने पुढे बरीच वर्षं काम केलं. वरच्या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली, आणि त्या मुलांना कडेवर घ्यायला अंगठे शाबूत होते. बाई निवृत्त झाल्या तेव्हा जावई परत तळघरात आला होता; त्यांनी एकटीने खाली जाऊन त्याचा निरोप घेतला. टोपण लावलं की नाही, ते बघायला कोणी नव्हतं.

परवा आम्ही दोघं म्हातारे कपाटासमोर उभे होतो. दादा काचेला नाक लावून जावयाची बोटं बघत होता. "वंगण वाळलंय रे," तो हळहळला. तेवढ्यात वरून आवाज चढलेला ऐकू आला. आमची नात खिडकीपाशी उभी होती आणि आतल्या माणसाला सांगत होती, "त्यांचा नंबर मघाशीच होऊन गेला म्हणता? ते समोर बसले होते, तुम्ही पुकारलं नाहीत! म्हातारी माणसं उपाशी बसलीत. नाही, मी नाही बाजूला होणार. आमच्या घरात असं चालत नाही!"

दादा काचेपासून बाजूला झाला. वर बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं तळघरातलं हसू आलं.

"अगदी आत्यावर गेलीय पोरगी," तो म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याला काहीतरी आठवलं. बाराचे ठोके आठवले असावेत. तो माझ्याकडे बघायला लागला.

मी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला.

"जाणारच," मी म्हणालो. "घरचं रक्त आहे."